घरी आणि घरात

आई न्हाणीत पाय घसरून पडली तेव्हा मी वर्गावर होते. आठवी ब, चौथा तास. शिपाईमामा दाराशी येऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं की निरोप घरचा आहे. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, आणि पुढचे अकरा दिवस आई आणि मी दवाखान्यात होतो.

हे शेवटचं वाक्य मराठीत आहे म्हणून आम्ही दोघी त्यात अशा शेजारी शेजारी बसलोय. इंग्रजीत तसं बसता येत नाही, हे मला त्या अकरा दिवसांत एका चौदा वर्षांच्या मुलीकडून कळलं. मी इतकी वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच शिकवते आहे, तरी.

माझा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. त्याची मुलगी तिथेच जन्मली, तिथेच वाढली. मराठी तिला सगळं समजतं, बोलायला लागली की मात्र दुसऱ्या शब्दाला इंग्रजीत शिरते. दुसऱ्या संध्याकाळी तिचा फोन आला. तिला सोपं जावं म्हणून मी इंग्रजीतच म्हटलं, "आजी इज इन द हॉस्पिटल." ती क्षणभर थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, आजी इज इन हॉस्पिटल. यू आर इन द हॉस्पिटल." माझी चूक काढायचा तिचा हेतू नव्हता. खाटेवर कोण आहे आणि खाटेशेजारी कोण आहे, एवढंच ती स्वतःशी नीट लावून घेत होती.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या 'द'चा विचार करत बसले. तिकडच्या इंग्रजीत तो गाळला की इमारत दिसेनाशी होते आणि माणसाचं त्या जागेशी असलेलं नातं तेवढं उरतं. इन हॉस्पिटल म्हणजे रुग्ण म्हणून दाखल. इन द हॉस्पिटल म्हणजे त्या इमारतीत, मग डबा घेऊन आलेला असो की नळ दुरुस्त करायला आलेला असो. इन प्रिझन म्हटलं की कैदी, इन द प्रिझन म्हटलं की त्याला भेटायला गेलेला वकीलही चालतो. ॲट स्कूल शिकणारं पोर असतं, ॲट द स्कूल त्याची फी भरायला गेलेला बाप. इन बेड झोपलेलं माणूस, आणि ऑन द बेड घड्या घालून ठेवलेले कपडे. अमेरिकेत हॉस्पिटलच्या बाबतीत एवढं पाळत नाहीत, तिथे रुग्णही इन द हॉस्पिटलच असतो. शाळा, तुरुंग आणि अंथरूण यांच्या बाबतीत मात्र तिथेही हेच चालतं.

आपल्याकडे असं काही नाही, असं मला त्या रात्री वाटलं. मग बाकावर बसल्या बसल्या लोकांची बोलणी कानावर पडत गेली. समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्याचा मुलगा फोनवर सांगत होता, "दादा ॲडमिट आहेत." आपण 'दवाखान्यात आहेत' एवढ्यावर थांबत नाही, कारण त्याने पुरतं कळत नाही, म्हणून इंग्रजीतूनच एक शब्द घेऊन आपण ती जागा भरली. तो पुढे म्हणाला, "धाकटी शाळेला गेलीय, थोरला कॉलेजला असतो, आणि हिला कामाला जावं लागतं." शाळेला, कॉलेजला, कामाला. मुलगी शाळेला जाते, बाप एखाद्या दिवशी शाळेत जाऊन येतो. कॉलेजला असणं म्हणजे तिथे शिकणं, कॉलेजात असणं म्हणजे या घटकेला त्या आवारात असणं. इंग्रजीत जे काम 'द' गाळून होतं, ते आपल्याकडे 'ला' आणि 'त' यांनी कधीच वाटून घेतलेलं आहे, आणि ते आम्हाला कोणी शिकवलेलं नाही.

मग मला माझंच वाक्य आठवलं. आई पडली तेव्हा मी वर्गावर होते. मुलं वर्गात असतात, शिक्षक वर्गावर असतो. वर म्हणजे छतावर नव्हे, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षकाला सांगावं लागत नाही. माझा मामा आयुष्यभर ट्रकवर होता. त्याच ट्रकमध्ये मागे पोत्यांवर बसून आम्ही जत्रेला जात असू, पण ट्रकवर मामाच.

वर्गात ही अव्ययं शिकवताना मी सगळे शिकवतात तसंच शिकवत आले. टेबलावर खडूचं खोकं आणि एक चेंडू. चेंडू खोक्यात ठेवला की इन, खोक्यावर ठेवला की ऑन, खाली ठेवला की अंडर. मुलं एका सुरात ओरडतात, तास छान जातो. ॲट आला की माझा हात हवेतच थांबतो, कारण ॲट चेंडूने दाखवता येत नाही. मग फॉर येतो, ऑफ येतो, विथ येतो, आणि खोकं कपाटात परत जातं. त्याच्यापुढे पाठांतर. गुड ॲट, अफ्रेड ऑफ, मॅरिड टू, वेट फॉर. शंभर जोड्या फळ्यावर, शंभर जोड्या वहीत.

आई पडायच्या आदल्याच आठवड्यात एका मुलीची वही तपासत होते. निबंध आईवर होता. तिने लिहिलं होतं, 'माय मदर इज अँग्री ऑन मी बट हर लाइफ इज ऑन मी.' पहिल्या ऑनवर मी लाल गोल काढला आणि वर विथ लिहिलं. दुसऱ्या ऑनवर पेन टेकलं आणि तिथेच राहिलं. तिचा माझ्यावर जीव आहे. हे वाक्य मराठीत इतकं भरलेलं आहे, आणि त्या मुलीने ते जसंच्या तसं उचलून माझ्यासमोर ठेवलं होतं. मराठीत आई मुलीवर रागावते, मुलीवर जीव टाकते, मुलीवर विश्वास ठेवते, कधी हातही उगारते तो मुलीवरच. सगळ्या भावना वरून येतात, पावसासारख्या, आणि ज्याच्यावर येतात तो त्यांच्याखाली उभा असतो. भीती आणि लाज तेवढी वेगळी. ती कोणावर नसते, कोणाची तरी असते किंवा कोणाची तरी वाटते. त्या दुसऱ्या गोलाच्या जागी मी शेवटी काहीच खूण केली नाही. समासात बरोबर वाक्य लिहिलं आणि खाली मराठीत लिहिलं, 'मला कळलं.'

विथचा मात्र मला त्या दवाखान्यातच उलगडा झाला. रात्री आईला औषधाने झोप लागली की मला झोप येत नसे. मोबाइलचा उजेड कमी करून मी जुन्या इंग्रजीबद्दल वाचत बसायचे. हजारभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विथचा मुख्य अर्थ 'सोबत' नव्हताच, 'विरुद्ध' होता. सोबत या अर्थाला दुसरा शब्द होता, मिड. पुढे विथने मिडची जागा बळकावली आणि मिड जवळजवळ पुसला गेला. जवळजवळ म्हणते, कारण तो एका शब्दात लपून राहिला: मिडवाइफ. मिड म्हणजे सोबत, वाइफ म्हणजे त्या काळी नुसती बाई. बाळंतपणात बाईच्या सोबत असणारी बाई, आपली सुईण. त्या शब्दाचा मध्याशी काही संबंध नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि विथचा जुना, विरोधाचा अर्थ अजून फाइट विथमध्ये आहे, विदस्टँडमध्ये आहे.

हे वाचताना पलीकडच्या खाटेवरची म्हातारी झोपेत सुनेशी भांडत होती. सुनेशी भांडत होती. आपला 'शी' अगदी विथसारखाच आहे की! आपण शत्रूशी लढतो आणि ज्याच्याशी लग्न करतो त्याच्याशी बोलतो, भांडतो, गोडही बोलतो. शाळेच्या व्याकरणात तृतीयेचे प्रत्यय म्हणून आम्ही 'ने, ए, शी' घोकले, पण या शीच्या पोटात जवळ येणं आणि समोर ठाकणं दोन्ही आहे, हे कधी लक्षात आलं नव्हतं. दोन माणसं एकमेकांना भिडायची तर आधी जवळ यावीच लागतात, म्हणून दोन्ही भाषांना एकच शब्द पुरला असावा. हा माझा अंदाज, पण मला तो पटतो.

सर्वनामांचं प्रकरण याहून खोल आहे, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी माणसाच्या ते फार कामाचं आहे.

मराठीत नामाला काही जोडायचं तर आधी त्याला वाकावं लागतं. घोडा घोड्याला होतो, दगड दगडावर होतो. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो. 'मी'ला वर लागलं की माझ्यावर होतं, मीवर होत नाही. इंग्रजीत घोडा वाकत नाही. हॉर्स तसाच राहतो, पुढे टू येवो, ऑन येवो की फ्रॉम येवो. सर्वनाम मात्र अजून वाकतं. टू मी, ऑन हिम, फ्रॉम देम. ऑन ही म्हणता येत नाही. मुलांना हे मी आता असंच सांगते: 'तोवर' म्हणतोस का? त्याच्यावर म्हणतोस. मग ऑन ही कसं म्हणशील? हे उदाहरण दिलं की नियम पाठ करून घ्यावा लागत नाही.

जुन्या इंग्रजीत नामंही वाकत असत. दगडाला स्टान म्हणत. दगडाचा म्हणायचं तर स्टानेस, दगडाला म्हणायचं तर स्टाने, दगडांना म्हणायचं तर स्टानुम. पण त्या भाषेत जोर शब्दाच्या सुरुवातीवर पडायचा, शेवट तोंडातल्या तोंडात विरायचा. प्रत्यय शेवटी असल्याने तेच विरले. प्रत्यय गेले तसं त्यांचं काम टू, ऑफ, विथ, फ्रॉम यांच्या अंगावर आलं. एक षष्ठीचा स तेवढा टिकला, मदर्स, फादर्स म्हणतो तो. बाकी विभक्ती सर्वनामांच्या आश्रयाला गेली आणि तिथेच राहिली. माणसं नामांपेक्षा मी-तू-तो जास्त वेळा उच्चारतात. रोजच्या हातातली भांडी गंजत नाहीत, तसंच हे असेल.

आश्रयाला गेली तीही सगळी नाही. 'त्याला' या अर्थी जुन्या इंग्रजीत दोन रूपं होती. कर्माचं हिने, आणि देण्याच्या संदर्भातलं हिम. हळूहळू हिमने दोन्ही कामं घेतली आणि हिने प्रमाण भाषेतून गेलं. म्हणजे चतुर्थीने द्वितीया गिळली. हे वाचलं आणि मला शाळेतला तक्ता डोळ्यांसमोर दिसला: द्वितीया स, ला, ते; चतुर्थी स, ला, ते. दोन्ही ओळी सारख्याच का, असं मी लहानपणी बाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "आहेत तशा पाठ कर." दोन भाषांना, एकमेकींना न विचारता, तोच एक प्रत्यय दोन्ही कामांना पुरला.

आणि दे, देम, देअर ही तर मुळात इंग्रजी नव्हेतच. नवव्या शतकात, ८६५ सालापासून, डेन्मार्ककडच्या डेन लोकांच्या फौजा इंग्लंडात उतरल्या, लढल्या आणि मग उत्तरेला-पूर्वेला शेती करून राहिल्या. त्यांच्या नॉर्स बोलीतून 'ते' या अर्थाची ही रूपं इंग्रजीत आली. भाषा शेजाऱ्यांकडून नामं घेते, आपण टेबल घेतलं, कप घेतला. पण 'ते' आणि 'त्यांना' हे शब्द परक्यांकडून घ्यायचे म्हणजे ते परके चुलीपर्यंत आलेले असले पाहिजेत. १४०० साली वारलेल्या चॉसर या इंग्रज कवीच्या लिखाणात दे आलेलं दिसतं, पण देमच्या जागी अजून जुनं हेमच आहे. पुढे हेमही मागे पडलं, असं पुस्तकांत लिहितात. बोलण्यातून ते गेलेलं नाही. माझी भाची घाईत म्हणते, "टेल एम आय लव्ह एम." हा एम म्हणजे देमचा आळशी उच्चार नव्हे. तो जुना हेम आहे, डेन यायच्या आधीपासूनचा, चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी जिवंत.

मला वर्गात फार पूर्वीपासून एक वाक्य छळत आलंय: इट्स मी. व्याकरणाच्या पुस्तकात इट इज आय. दारावर टकटक झाल्यावर इट इज आय म्हणणारं माणूस शोधून सापडायचं नाही. मी मुलांना सांगत असे की बोलताना इट्स मी म्हणा, पेपरात जपून लिहा. त्यामागे मनात एक कुरकुर असायची की लोक चुकीचं बोलतात आणि तेच रूढ होतं.

ती कुरकुर आईने घालवली. ऑपरेशननंतर भूल उतरत होती तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, "किल्ली म्या फळीवर ठिवलीया." लग्न होऊन शहरात आल्यावर आईने हा 'म्या' सोडला होता. तो मी माझ्या आजोळी ऐकला होता, तिच्या तोंडून कधीच नाही. आणि त्या रात्री मला पहिल्यांदा त्या वाक्याचा सांधा दिसला. त्याने किल्ली ठेवली, तिने किल्ली ठेवली, मग मीने का नाही? मी किल्ली ठेवली. क्रियापद किल्लीचं ऐकतं, माझं ऐकत नाही. कुलूप असतं तर ठेवलं झालं असतं. कारण इथला मी हा आधीच तृतीयेत आहे. त्याला ने लावायची गरज नाही. संस्कृतातल्या मया या तृतीयेच्या रूपापासून प्राकृतातून घासत घासत आपला मी आणि म्या आले, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. 'माझ्याकडून' या अर्थाचं रूप पुढे येऊन कर्त्याच्या पाटावर बसलं. खरा कर्ता अहम्, तो मराठीतून गेला. तो आहे शेजारी, कोकणीत. रात्रपाळीच्या सिस्टर मूळच्या फोंड्याच्या. फोनवर घरी बोलताना त्या "हांव येतां" म्हणाल्या आणि मी मान वर करून बघितलं. हांव म्हणजे तो अहम्. आपण म्हणतो "मी येते", म्हणजे आपण सगळे गेली कित्येक शतकं इट्स मीच म्हणतो आहोत.

इंग्रजीतल्या यूचंही असंच झालं. तुम्ही याला यी, तुम्हाला याला यू. यू पुढे सरकला आणि यी गेला. तू या अर्थाचा दाऊ होता, तोही रोजच्या वापरातून गेला. इंग्रजीत आदर नाही, बापालाही यू आणि कुत्र्यालाही यू, असं आपण म्हणतो. खरं तर ते बापालाही तुम्ही म्हणतात आणि कुत्र्यालाही तुम्हीच म्हणतात. त्यांचा तू हरवला. देवघरात, आईशी, जिवलगाशी बोलायचा तू नसलेली भाषा कशी सहन होत असेल, असं मला वाटत राहतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी हरवली ती मला सगळ्यांत जास्त लागली. जुन्या इंग्रजीत 'मला आवडतं' असंच म्हणत. 'मला वाटतं' असंच म्हणत. आवडणारी वस्तू कर्ता, माणूस चतुर्थीत. मला वाटतं या अर्थाचं एक रूप, मीथिंक्स, जुन्या नाटकांत अजून ऐकू येतं. त्यातला थिंक हा विचार करणे नव्हे. भासणे, वाटणे या अर्थाचं ते वेगळंच क्रियापद होतं, आणि मी म्हणजे मला. पुढे दोन्ही क्रियापदं एकमेकांत मिसळली आणि माणूस कर्ता झाला: आय थिंक, आय लाइक. मराठीत अजून भूक मला लागते, झोप मला येते, आठवण मला होते. या गोष्टी आपल्याकडे येतात, आपण त्यांचे मालक नसतो. आई पाचव्या दिवशी म्हणाली, "मला घरी जावंसं वाटतंय." आय वाँट टू गो होम, असं मी ते भाचीला सांगितलं, आणि सांगताना त्यातलं ते येणं कुठेतरी सांडलं.

बिट्वीन यू अँड मी हवं तिथे मुलं बिट्वीन यू अँड आय लिहितात, त्याबद्दल फार लिहीत नाही. मुलांनी कर्त्याच्या जागी इंग्रजीतला मी लावला म्हणून आपण इतकं रागावतो की ती घाबरून सगळीकडे आय लावतात. शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओचं पत्र आहे, त्यातही बिट्वीन यू अँड आयच आहे. मराठी मूल मात्र 'हे तुझ्यामाझ्यात राहू दे' हे कधी चुकत नाही. त्यालाच हाताशी धरून शिकवावं.

आईचे कपडे आणायला मी दिवसाआड एसटीने घरी जात असे. एकदा गर्दीत उभी असताना भाचीचा फोन आला. "आय ॲम ऑन द बस," मी म्हणाले, आणि त्या ऑनपाशी पुन्हा अडकले. मोटारीत इन द कार, पण बसमध्ये, रेल्वेत, जहाजात, विमानात ऑन. जिथे उभं राहून चार पावलं चालता येतं तिथे ऑन, असं शिकवतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण चार्ल्स फिलमोर या भाषाशास्त्रज्ञाने त्यातलं एक बारीक दाखवून दिलं. भंगारात पडलेल्या बसमध्ये पोरं खेळत असतील तर ती इन द बस असतात, ऑन द बस नव्हे. ऑन म्हणायचं तर बस सेवेत हवी, कुठून तरी कुठे तरी निघालेली हवी. हे वाचल्यावर मला ट्रकवरचा मामा दिसला, वर्गावरची मी दिसले. शाळा सुटल्यावर छत्री विसरली म्हणून मी परत गेले तर मी वर्गात जाते, वर्गावर जात नाही.

पण बसची खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती मी भेटेल त्याला सांगते आहे. बस हा अख्खा शब्द नव्हे. लंडनमध्ये ४ जुलै १८२९ रोजी जॉर्ज शिलिबीअर याची घोड्यांची मोठी गाडी पॅडिंग्टनपासून बँक ऑफ इंग्लंडपर्यंत धावली, तिला ऑम्निबस म्हणत. नाव फ्रान्सकडून आलेलं, शब्द लॅटिन. ऑम्निस म्हणजे सर्व, आणि ऑम्निबस म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. चतुर्थीचं अनेकवचन. लोकांनी नाव तोडलं तेव्हा 'सर्व' हा शब्द गळून पडला आणि रस्त्यावर धावत राहिला तो नुसता प्रत्यय. सर्वांसाठी यातला 'साठी' उरला. आणि हा प्रत्यय आपल्या ओळखीचा आहे. आठवीत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाने तो घोकलाय: रामाय, रामाभ्याम्, रामेभ्यः. लॅटिनचा बस आणि संस्कृतचा भ्यस् ही एकाच घरची भावंडं. संस्कृतात चतुर्थी आणि पंचमी दोन्हींच्या अनेकवचनी रामेभ्यः होतं, आणि लॅटिनमध्येही बस त्याच दोन जागी लागतो. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एसटी सुटली, तेव्हापासून आपण ज्या गाडीची वाट बघत उभे राहतो, ती गाडी म्हणजे एक विभक्तिप्रत्यय आहे. पुढच्या सीटची दांडी धरून मी ते मनाशी म्हणून बघितलं. रामेभ्यः. सर्वेभ्यः. मागून कंडक्टर ओरडत होते, "पुढं सरका, पुढं सरका, सगळ्यांना जागा होतीय."

आता घर. इंग्रजीत गो टू स्कूल, गो टू बेड, गो टू हॉस्पिटल, पण गो होम. टू नाही, द नाही, काहीच नाही. मुलं हमखास गो टू होम लिहितात आणि मी टू खोडत जाते. कारण विचारलं तर सांगायला माझ्याकडे काही नसे. कारण असं आहे की 'घराकडे' हा अर्थ जुन्या इंग्रजीत होम या शब्दाच्या विभक्तीतच होता. बाकीच्या नामांचे प्रत्यय गेले तसे ते टू घेऊन चालू लागले. घर इतकं तोंडात बसलेलं होतं की त्याला कोणी हात लावला नाही. म्हणून कम होम, गो होम, टेक मी होम. दारातून आत येताना म्हणतात ते आय ॲम होम.

आणि आपण? शाळेत, बाजारात, बँकेत, दवाखान्यात. सगळीकडे त. पण घरी. सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ असं आम्ही पाठ केलं, त्यातला ई आता मोजक्याच शब्दांपाशी राहिलाय. घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी. सकाळी, दुपारी, रात्री. नवीन शब्दांना तो लागत नाही. ऑफिसी म्हणून बघा, फ्लॅटी म्हणून बघा. नात्याची जागा लागते त्याला. आणि घरात हेही आहेच, पण ते वेगळं. घरात उंदीर आहे, तो घरी नाही. घरात चोर शिरतो, घरी पाहुणा येतो. नवऱ्याने पाठवून दिलेली मुलगी माहेरी असते, आणि तिला कोणी घरात घेतलं नाही तर ती बाहेर असते. एका ईवर आणि एका तवर बायकांची आयुष्यं उभी राहिलेली मी गावात बघितली आहेत.

इंग्रजीने आपल्या नामांचे जवळजवळ सगळे प्रत्यय घालवले आणि एका घराचं जुनं रूप ठेवलं. मराठीने ई सोडत आणला आणि घराला ठेवला. हे मला दवाखान्याच्या त्या बाकावर रात्री अडीचच्या सुमारास लक्षात आलं, आणि मी उठून आईच्या पायावरची सरकलेली चादर नीट केली.

बाराव्या दिवशी सकाळी सोडलं. शेजारच्या काकांनी गाडी आणली होती. आईला मागच्या सीटवर आडवं बसवलं, वॉकर डिकीत ठेवला. वाटेत भाचीचा मेसेज आला, 'इज शी होम?' मी लिहिलं, 'ऑलमोस्ट.'

गाडी फाटकाशी थांबली. काका-काकूंनी आईला दोन्ही बाजूंनी धरलं, आणि मी पुढे जाऊन कुलूप काढलं. किल्ली फळीवरच होती, काकूंच्या ओट्यावरच्या, आईने सांगितली होती तिथे. घर अकरा दिवस जवळजवळ बंदच होतं, कोंदट वास येत होता. मी आत जाऊन खिडकी उघडली, पुढच्या खोलीतली खुर्ची दाराकडे वळवली, पायपुसणं उचलून बाजूला ठेवलं, वॉकर अडकू नये म्हणून. बाहेर वॉकरची रबरी टोकं फरशीवर एकेक टेकल्याचा आवाज. उंबऱ्यापाशी तो थांबला.

"आले गं," आई म्हणाली.